पानाआडचे बटण

सकाळचे ऊन त्या खोलीत एकदम कधी येत नसे. आधी समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उजळे. मग त्या टाकीवरून परतलेला फिका, दुधाळ उजेड खिडकीच्या गजांशी येऊन थबके. परक्या घरी गेलेला माणूस उंबऱ्याशी घुटमळतो, तसा. त्या उजेडाला सावल्या नसत. टेबलावरचा पेला, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला सदरा, पलंगाखालच्या चपला, सारे काही त्यात असे, पण कशालाच वजन नसे. थोड्या वेळाने टाकीच्या डाव्या अंगाने खरे ऊन डोकावे. बोटभर रुंदीची पिवळसर पट्टी भिंतीवर उमटे, आणि एरवी सपाट, निर्जीव वाटणाऱ्या त्या भिंतीतला गिलाव्याचा एकेक खडा आपली इवलीशी सावली धरून उभा राही. पट्टी हळूहळू खाली सरके. पेल्यातल्या पाण्यात शिरे, आणि मग छतावर एक कवडसा थरथरू लागे; खाली रस्त्यावरून एखादी जड गाडी गेली की तो शहारे आणि पुन्हा स्थिर होई. शेवटी ऊन फरशीवर उतरे, ऐसपैस अंग पसरे, आणि खोली पुन्हा नेहमीची खोली होऊन जाई.

हे सारे तो तरुण रोज पाही. नुसते पाहून सोडून देणाऱ्यांतला तो नव्हता. समोरच्या संगणकात तो त्या उन्हाची नक्कल करत असे. कवडसा किती थरथरतो, सावलीची कड कुठे मऊ होते आणि कुठे धारदार, पिवळ्यात राखाडी किती मिसळलेला असतो, हे सारे तो आकड्यांत उतरवी, आणि पडद्यावरच्या एका दगडी अंगणात तेच ऊन पाडून बघे. नाही जमले की पुसून टाकी. दुसऱ्या दिवशी ऊन पुन्हा यायचेच होते.

"घुम्या, चहाचं सरबत झालं बघ," स्वयंपाकघरातून आत्याची हाक आली. "ऊन काही पळून जात नाही. रोज फुकट येतं."

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. शिक्षणासाठी म्हणून तो तिच्या घरी आला आणि तिथलाच झाला. दुपारी तो लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीत नकाशे काढायला जाई. सकाळ मात्र त्याची स्वतःची. आत्याने सारे आयुष्य दवाखान्यात नर्स म्हणून काढले होते, त्यामुळे तिच्या बोलण्यात अजूनही वॉर्डात फिरणाऱ्या माणसाचा खणखणीतपणा होता. घरात शब्द मोजून वापरणाऱ्या भाच्याला तिने पहिल्याच आठवड्यात घुम्या हे नाव दिले, आणि ते इतके चपखल बसले की खरे नाव फक्त कागदपत्रांपुरते उरले.

संगणकातल्या ज्या जगासाठी हे अंगण घडत होते, ते कुणाच्याही मालकीचे नव्हते. ज्याला हवे त्याने ते फुकट घ्यावे, त्याची शिवण उसवून आत पाहावे, दुरुस्ती करावी आणि ती सगळ्यांना देऊन टाकावी, असा तिथला रिवाज. माणसे आपापल्या घरी बसून त्या जगात एकेक बाहुली होऊन फिरत, एकमेकांना भेटत, लिहून गप्पा मारत. ठिकठिकाणी विखुरलेली मूठभर मंडळी हौसेने ते जग सांभाळत. त्यांचा म्होरक्या दिवसा दातांचा डॉक्टर होता. पण तो सगळ्यांच्या मागे लागून कामे करवून घेई, म्हणून त्याला सारे मुकादम म्हणत. पेशंटच्या तोंडात बोटे असल्याने दिवसभर त्याला उत्तर द्यायला कुणी नसते, त्याचे उट्टे तो इथे काढतो, असे मंडळी म्हणत.

या जगात नवे पाऊल टाकणारा प्रत्येक जण आधी घुम्याच्या अंगणात उतरे. ते त्याने फार मन लावून बांधले होते. मधोमध एक विहीर, एका बाजूला पायऱ्या, आणि विहीर व पायऱ्या यांच्यामध्ये वेलीने भरलेली अर्धी भिंत. दोघे एकदमच आले, तर एकाला विहिरीशी उतरवायचे आणि दुसऱ्याला पायऱ्यांशी, म्हणजे आल्या आल्या कुणी कुणाच्या अंगावर जाणार नाही, अशी त्याची योजना होती. बाहुल्यांच्या डोक्यावर नावे तरंगत, ती त्याने अंगणापुरती बंद केली होती. नावांच्या त्या पाट्यांनी ऊन डागाळते, असे त्याला वाटे. आणि आसपास कोण आहे हे दाखवणारे, त्यांच्याशी बोलण्याची चौकट उघडणारे बटण त्याने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, वेलीच्या चित्रातल्या एका पानात बसवले होते. माऊस जवळ नेला की ते पान किंचित हले. ज्याला हवे असेल त्याला ते सापडेल, असा त्याचा हिशेब होता.

वापरणाऱ्यांचे अभिप्राय सूचनापेटीत येत. ती पेटी म्हणजे एक साधे पान होते. कुणीही यावे, दोन ओळी लिहाव्यात. अंगणाबद्दल बरेच जण लिहीत. 'उजेड सुंदर आहे. पण इथून पुढं जायचं कसं?' 'अंगण झकास. माणसं कुठं आहेत?' 'तीन-चार जण असले की सगळं अडखळत चालतं, ऊन उड्या मारतं.' घुम्या प्रत्येकाला सभ्यपणे उत्तर देई. पहिल्या दोघांना तो लिही, की खालच्या कोपऱ्यातल्या पानावर माऊस न्यावा. तिसऱ्याला लिही, की माझ्याकडे असे होत नाही. मग त्या तक्रारीपुढे 'निकाली' असा शिक्का मारून तो पुन्हा उन्हाकडे वळे.

त्याच्याकडे खरोखरच तसे होत नसे. काम करताना तो त्या जगाची एक प्रत आपल्याच यंत्रावर चालवी. नवी दुरुस्ती आधी घरच्या प्रतीत लावून पाहायची, मग मुकादमाकडे धाडायची, आणि मुकादमाने ती सगळ्यांच्या जगात चढवायची, अशी पद्धत होती. घरच्या त्या प्रतीत ऊन कधी अडखळत नसे. ते नितळ, एकसंध पायऱ्यांवरून उतरे, विहिरीच्या पाण्याला स्पर्श करी आणि भिंतीवरच्या वेलीत विरून जाई.

एका सकाळी मुकादमाचा फोन आला.

"काय अंगणवाले, आहात का? की भिंतीआड?"

"आहे."

"महिनाअखेर नवी आवृत्ती काढायची. तुझ्या अंगणाचा काय तो निकाल आता लावू. बऱ्याच जणांचं म्हणणं आहे, की ते काढून टाकावं आणि नव्या माणसाला सरळ चौकात उतरवावं. तिथं निदान चार माणसं दिसतात."

घुम्याने पडद्यावरच्या अंगणाकडे पाहिले.

"अरे, हूं तरी म्हण. माझे पेशंट बोलत नाहीत त्याला कारण असतं. तुझ्या तोंडात काय आहे?"

"चौकात गलका असतो," घुम्या म्हणाला. "आल्या आल्या माणूस बावरून जातं."

"कोण माणूस?"

"नवीन आलेलं."

"बरं. आणि ते उन्हाचं अडखळणं?"

"माझ्याकडे अडखळत नाही."

"तू जातोस ना आत रोज?"

"रोज जातो."

"मग असं कर. मौनाची बैठक घे. माणूस अंगणातून दुसऱ्या माणसापर्यंत पोचलं, तर अंगण राहील. नाही पोचलं, तर काढू. मान्य?"

"मान्य," घुम्या म्हणाला.

मौनाची बैठक ही या मंडळींची जुनी चाल होती. नवी आवृत्ती काढण्यापूर्वी ज्याने जे घडवले असेल, त्याने एखाद्या अगदी नवख्या माणसाला पडद्यासमोर बसवायचे आणि आपण मागे, हात मांडीवर ठेवून, गप्प बसायचे. सांगायचे नाही, सुचवायचे नाही, खाकरायचेसुद्धा नाही. मदत केली की बैठक बाद. बाकीच्यांना ही शिक्षा वाटे. आपल्या हातचे बटण समोरच्याला दिसत नाही, हे पाहताना भल्याभल्यांची जीभ चावून निघे. घुम्या मात्र या कामासाठीच जन्माला आला आहे, असे मुकादम म्हणत असे.

नवखे माणूस शोधायला त्याला दूर जावे लागले नाही. जेवताना त्याने दबकत विषय काढला, आणि आत्याने पोळी मोडता मोडता सांगून टाकले, "मलाच बसव की. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी बसण्याशिवाय दुसरं काय करते?" मग थोडा वेळ थांबून तिने विचारले, "तिथं म्हणे भेटता येतं कुणाला?"

"येतं."

"शिडीला भेटता येईल?"

शिडी म्हणजे आत्याची दवाखान्यातली जोडीदारीण. दोघींनी एकाच वॉर्डात वर्षानुवर्षे पाळ्या केल्या होत्या. ती इतकी उंच होती, की सलाईनची बाटली अडकवायला तिला कधी स्टूल लागले नाही; तेव्हापासून ती शिडी. रात्रपाळी संपवून सकाळी दोघी बसच्या थांब्यावर येत, आणि बोलणे संपले नाही म्हणून आलेली बस मुद्दाम सोडून देत. आता शिडी लेकाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेली होती, आणि तिच्या कानांनी दगा दिला होता. फोनवर नुसते "काय? काय गं?" चाले. मोबाईलवर ती लिहून पाठवी, पण ते औषधाच्या चिठ्ठीसारखे. दोन शब्द आणि पूर्णविराम.

"शेजारी बसून लिहिलं तर जरा लिहील तरी," आत्या म्हणाली. "माणूस समोर असलं की तिच्या बोलण्याला पाय फुटतात. मी सांगते तिला. तिची नात बसवून देईल."

दिवस ठरला, सकाळची वेळ ठरली. त्या दिवशी आत्याने केस विंचरले, ठेवणीतला चष्मा काढला, आणि घुम्याच्या खुर्चीवर उशी टाकून ती बसली. घुम्या मागे पलंगावर. खिडकीत उजेड नुकताच थबकला होता.

"आता मला काही विचारायचं नाही," तो म्हणाला.

"तुला विचारून कधी काही मिळालंय का?" असे म्हणून आत्याने माऊस हातात घेतला, नाडी बघावी तसा, अलगद.

पडद्यावर सगळ्यांच्या जगातले अंगण उघडले. आत्याची बाहुली पायऱ्यांशी उभी राहिली. ऊन भिंतीवरून खाली सरकत होते. आत्या पाहतच राहिली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "हे तर रात्रपाळी सुटल्यावरचं ऊन आहे. डोळे जड झालेले असायचे, आणि हे असं समोरच्या भिंतीवर यायचं. अगदी असंच." ती मागे वळली. "हे तू केलंस?"

त्याने मान हलवली.

आत्या चालू लागली. बाण दाबून दोन पायऱ्या चढली, तीन उतरली, भिंतीला धडकली, "माफ करा हं" म्हणाली आणि स्वतःशीच हसली. मग पायरीवर कसे बसायचे ते तिला अवचित सापडले, आणि बाहुली बसली. आत्याही खुर्चीत मागे टेकली.

"आली नाही अजून," ती म्हणाली.

ऊन सरकत राहिले. आत्या अधूनमधून माऊस हलवी. एकदा तो पानाच्या अगदी जवळ गेला, पान हलले. "वारा पण आहे," आत्या म्हणाली, आणि माऊस दुसरीकडे निघून गेला. घुम्याच्या मांडीवरची बोटे एकमेकांत घट्ट अडकली.

"शिडे," आत्या पडद्याकडे पाहून, आवाज चढवून म्हणाली, "अगं, कुठं राहिलीस?" मग तिच्याच लक्षात आले, की हाक मारून तिथे काही उपयोग नाही, आणि मारली असती तरी शिडीला ती ऐकू गेली नसती. कुणाच्या घरी गेल्यावर बाहेरच्या खोलीत बसवून यजमान आत निघून जावेत, आणि आपण भिंतीवरचे फोटो पुन्हा पुन्हा पाहत बसावे, तशी ती बसली होती. खऱ्या खोलीतले ऊन फरशीवर उतरले, पसरले, साधे झाले. तेव्हा कुठे तिने माऊस सोडला.

"नाही आली," ती उठताना म्हणाली. "विसरली असेल. तिचं असंच आहे अलीकडे." आणि दाराशी जाऊन, पाठमोरीच, "ऊन छान झालंय हो तुझं," एवढे बोलून ती भिंतीला हात लावत आत गेली.

घुम्याने त्याच दिवशी मुकादमाला अहवाल पाठवला. 'वापरणारी व्यक्ती अंगणात बराच वेळ रमली. प्रकाशाचे कौतुक केले. ज्यांना भेटायचे होते त्या आल्या नाहीत, त्यामुळे भेटीचा भाग तपासता आला नाही.' लिहिताना त्याला त्यात काही खोटे दिसले नाही. मुकादमाचे उत्तर आले, 'पाहुणीच आली नाही त्याला अंगण काय करणार? ठेवू तर मग.' घुम्याने ते वाक्य दोनदा वाचले, आणि बऱ्याच दिवसांनी कचेरीतल्या लिफ्टच्या नकाशांवर काम करताना तो शीळ घालू लागला.

घरात मात्र त्यानंतर आत्याचा आवाज उतरला. ती शिडीचे नाव काढेना. मोबाईल टेबलावर पालथा पडून राही. एकदा तो वाजला, तिने सुलटा करून पाहिला आणि तसाच पुन्हा पालथा घातला.

"कोण?" घुम्याने विचारले. त्याने आपणहून विचारावे ही घरातली नवलाचीच गोष्ट होती.

"आहेत कुणी मोठी माणसं," आत्या म्हणाली. "विचारतात, 'बरी आहेस ना?' एवढंच. दोन शब्द. का आली नाही याचा मागमूस नाही. मी का विचारू? मी तासभर अंगणात बसले ती काय हवा खायला?"

आणखी दोन-चार दिवस गेले. एका सकाळी, ऊन अजून टाकीवरच होते, तेव्हा घुम्याने सवयीने सूचनापेटी उघडली. नवी नोंद होती. लिहिणारीने नाव दिले नव्हते.

'नातीने बसवून दिले. उजेड सुंदर. विहिरीच्या काठावर बसून राहिले. मैत्रिणीने येते म्हणून सांगितले होते. आली नाही. अंगणात दुसरे कुणीच नव्हते. तिचा गुडघा दुखत असेल. जमल्यास कुणी आहे की नाही ते कळेल असे काहीतरी करावे.'

त्याची बोटे सवयीने चालू लागली. 'खालच्या कोपऱ्यातल्या पानावर' इथपर्यंत ती आली आणि थांबली.

शिडी विहिरीशी होती. आत्या पायऱ्यांशी होती. मध्ये वेलीने भरलेली भिंत होती, आणि ती वेल त्याने पान पान करून लावली होती. दोघी एकाच वेळी आल्या होत्या, म्हणूनच त्याच्या योजनेने त्यांना भिंतीच्या दोन अंगांना उतरवले होते. एकमेकींपासून चार पावलांवर, एकाच उन्हात, दोघी एकमेकींची वाट पाहत बसल्या होत्या, आणि तो मागे पलंगावर बसून ते ऊन कसे पडले आहे हे पाहत होता. तो ज्याला रमणे समजला, ते ताटकळणे होते.

त्या नोंदीपुढे 'निकाली' हा शिक्का तयारच होता. दाबला असता तर कुणाला काही कळले नसते. अहवाल गेला होता, निकाल लागला होता, अंगण राहणार होते. आत्याचा रुसवा आज ना उद्या निवळला असता, किंवा नसता. तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. ऊन भिंतीवर आले, गिलाव्याचे खडे उभे राहिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने त्यांच्याकडे पाहिले नाही. मग तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आत्या."

"हं."

"शिडीमावशी आल्या होत्या."

आत्याने शेगडी बारीक केली. त्याने सारे सांगितले. विहीर, पायऱ्या, भिंत, पान. इतके सलग तो त्या घरात आजवर कधी बोलला नव्हता. आत्या ऐकत राहिली.

"म्हणजे मी भिंतीच्या अलीकडे, आणि ती पलीकडे?"

"हो."

"आणि ते हलणारं पान म्हणजे बटण?"

"हो."

"मला वाटलं वारा." ती थोडी हसली, मग हसू विरले. "अरे, मी तिला इतके दिवस मनातल्या मनात काय काय बोलले. आणि ती मेली माझ्या गुडघ्याची काळजी करतेय." तिने ओट्याला टेकून पदराने चष्मा पुसला. "पण मला एक सांग. कुणी पाहुणं घरी आलं, तर दिवा लावतोस, पाणी देतोस, आणि घरात कोण कोण आहे ते त्याला कळू देत नाहीस, असं कसं रे तुझं घर?"

"माणसं बावरतात," तो पुटपुटला.

"कोण बावरतं?" आत्याने विचारले. मुकादमानेही हेच विचारले होते. त्या वेळी तो 'नवीन आलेलं' म्हणाला होता.

त्या सकाळी त्याने मुकादमाला फोन केला, स्वतःहून, पहिल्यांदाच.

"माझा अहवाल चुकला," तो म्हणाला. "पाहुणी आली होती. भेट झाली नाही ती अंगणामुळे."

पलीकडे दात कोरायचे यंत्र घरघरत होते, ते थांबले.

"काढू म्हणतोस?" मुकादमाने विचारले.

"काढा म्हटलं तरी चालेल. पण मला भिंत पाडून बघायचीय. नावं दिसतील, बटण वर आणीन, सगळ्यांना एकाच दारातून आणीन."

"आणि ऊन? इतकं जड ऊन चार बाहुल्यांत चालणार नाही, बाबा. इथं आम्ही रोज पाहतोय."

"ऊन हलकं करतो," घुम्या म्हणाला.

भिंत पाडायला फार वेळ लागला नाही. बांधायला जितका लागला होता त्याच्या मानाने तर काहीच नाही. वेल त्याने विहिरीच्या एका अंगाला लावून दिली. पान होते तिथेच राहिले, पण आता ते नुसते पान होते. बटण वर, डोळ्यांसमोर आले, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'इथे कोण आहे' असे लिहिले होते. उन्हाचे काम जिवावर आले. त्याने गिलाव्याच्या खड्यांच्या सावल्या काढल्या. पाण्यातला कवडसा काढला. मऊ कडा सरळ केल्या. उरले ते चारचौघांसारखे ऊन. सकाळ आहे एवढे सांगणारे.

दुरुस्ती मुकादमाने चढवली, आणि ठरल्या सकाळी आत्या पुन्हा उशी घेऊन बसली. या वेळी बैठक वगैरे नव्हती, तरी घुम्या सवयीने मागे पलंगावरच बसला.

अंगण उघडले. पायऱ्यांशी एक बाहुली आधीच उभी होती. तिच्या डोक्यावर तिचे नाव होते, आणि नातीने ती मुद्दाम इतकी उंच केली होती, की आत्याच्या बाहुलीचे डोके तिच्या कंबरेला लागत होते.

"बघ, बघ, इथंही शिडीच," आत्या म्हणाली, आणि एका बोटाने अक्षरे शोधत लिहू लागली. 'तू त्या दिवशी होतीस.'

'होते,' शिडीने लिहिले. मग, 'तू पण.' आणि मग ओळींमागून ओळी येऊ लागल्या; लेक, सून, नवी डॉक्टरीण, कानात घालायचे यंत्र कसे शिट्टी मारते, खिडकीतून काय दिसते. पूर्णविराम कुठेच नव्हते. आत्याला वाचता वाचता लिहायला सवड मिळेना. दोन बाहुल्या पायरीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. उन्हाने मध्येच एक छोटी उडी मारली.

"तुझं ऊन हललं रे," आत्या मागे न पाहता म्हणाली.

"हलू दे," घुम्या म्हणाला.

थोड्या वेळाने आत्या हसली. "ही विचारतेय, अंगण कुणी बांधलं. मी म्हटलं, आमच्या घुम्याने. तर म्हणते, त्याला बोलाव की, दुरूनच काय बघतोय." तिने खुर्ची अर्धी वळवली. "ये रे. तुझ्याकडे तो दुसरा संगणक आहे ना कचेरीचा? बस इथं माझ्या शेजारी. बाई तुला बघायचं म्हणतेय."

नाही म्हणायला त्याच्याकडे बरीच कारणे असत. एरवी ती न शोधता सापडत. त्याने कचेरीचा संगणक काढला, टेबलाच्या कडेला ठेवला आणि आत्याच्या शेजारी स्टूल ओढून बसला. त्यावर त्याने त्या जगाचे सॉफ्टवेअर घेतले, उघडले. कोणत्या जगात जायचे, असे सॉफ्टवेअरने विचारले: या यंत्रावरच्या, की सगळ्यांच्या? त्याचे बोट नेहमीच्या जागी गेले, तिथून परत फिरले, आणि त्याने दुसरे निवडले.

पडदा क्षणभर पांढरा झाला. मग त्यावर ओळी उमटल्या, ज्या त्यानेच कधीतरी मोठ्या हौसेने, इतरांसाठी लिहिल्या होत्या. 'या. आपण इथे नवीन दिसता. आपले नाव सांगा.'

"काय झालं?" आत्याने विचारले. "तू तर रोज जातोस ना आत?"

"नाही," तो म्हणाला.

खिडकीतले ऊन टेबलावर आले होते. शेजारच्या पडद्यावर शिडीची बाहुली पायरीवर थोडी सरकून बसली होती, एका माणसाची जागा होईल इतकी. त्याने कीबोर्ड जवळ ओढला आणि नावाच्या चौकटीत पहिले अक्षर लिहिले. ज्या अंगणात तो रोज जात असे, ते त्याच्या यंत्रावरचे होते. लोक ज्यात येत असत, त्यात तो आजवर एकदाही गेला नव्हता.